गेज मावशीचा ठप्पा

माझ्या लग्नात, विहारात, भन्तेजींच्या समोर गेज मावशीने माझ्या नवऱ्याची अंगठी नापास केली. मी ती त्याच्या बोटात घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मावशी पाहुण्यांतून उठून थेट पुढे आली. "जावईबापू, हात द्या बरं," म्हणाली. तिने अंगठी दोन बोटांत धरून ओढली. ती कुठेही न थांबता सरळ निघून तिच्या हातात आली. "पाहा. पेरावर अडाले पाहिजे, अडत नाही. सैल आहे. वर्ष नाही काढत." आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण अंगठी तिने पसंत केली होती. सात महिन्यांनी भेडाघाटला पाय धुताना ती अंगठी नर्मदेत गेली. 'मी म्हटलं होतं' असं मावशी एकदाही म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "पडताना आवाज आला का?"

ती माझ्या आईची मोठी बहीण. तिचं खरं नाव सांगितलं तर जबलपुरात, आमच्या गढा मोहल्ल्यात कोणी ओळखणार नाही. मराठी घरांत ती गेज मावशी, हिंदी घरांत गेज मौसी. सरकारी फॅक्टरीत तीस वर्षं ती इन्स्पेक्शनला होती. तिथे काय बनायचं ते तिने आम्हाला कधीच सांगितलं नाही. "सरकारी आहे," एवढंच म्हणायची, जणू शेजारचा देश आमच्या भिंतीला कान लावून बसला आहे. आम्हाला इतकंच ठाऊक होतं की तिथे लोखंडाचे तुकडे असत, प्रत्येक तुकड्याला एक छिद्र असे, आणि ते छिद्र बरोबर आहे की नाही हे मावशी ठरवायची.

ते ठरवायचं हत्यार म्हणजे गेज. लहानशा लाटण्यासारखी पोलादी दांडी, दोन्ही टोकं जवळजवळ सारखी, पण एक केसभर बारीक आणि दुसरं केसभर जाड. बारीक टोकाला म्हणायचं 'गो', जाडाला 'नो-गो'. गो टोक छिद्रात गेलं पाहिजे आणि नो-गो टोक जाता कामा नये. बारीक टोकही गेलं नाही तर छिद्र लहान, तुकडा परत. पण जाडही सहज आत गेलं तर छिद्र मोठं, सैल, आणि तोही तुकडा परत. "लोकायले वाटते, अडलं म्हणजे खराब," मावशी म्हणायची. "अरे, अडाले पाहिजे तिथं जे अडत नाही, ते जास्त खराब."

तुकडा बरोबर निघाला की त्यावर ठप्पा. प्रत्येक इन्स्पेक्टरचा ठप्पा वेगळा, बोटाएवढी पोलादी कांडी, तिच्या टोकाला त्याचा नंबर. मावशी डावखुरी होती. ती डाव्या हाताने हातोडी मारायची आणि मारताना तोंडाने "पास!" म्हणायची. तसं म्हणायचा नियम नव्हता, ती तिची हौस. ती निवृत्त झाली त्या दिवशी साहेबांनी तिचा ठप्पा तिच्यासमोर ग्राइंडरवर धरून नंबर घासून टाकला. घरी येऊन तिने आम्हाला हार दाखवला नाही, शाल दाखवली नाही, ठिणग्या कशा उडाल्या ते सांगितलं. "ठोकणारा हात घरी चालला, तर ठप्पा मागं काहून ठेवायचा? उद्या कोणीही उचलून काहीही ठोकेल."

फॅक्टरी सुटली, तपासणी सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत ती मेदूवड्याच्या छिद्रात आधी करंगळी घालायची, मग अंगठा. करंगळी गेली आणि अंगठा अडला तर डावी मूठ उजव्या तळव्यावर आपटून "पास!" अंगठाही गेला तर वडा वाढप्याच्या बादलीत परत. ओलं बोट घातलेला वडा परत घेताना वाढप्यांचे जे चेहरे होत ते मी लहानपणी मुद्दाम बघायला बसायचे. मला मात्र तिने जन्मात कधी पास केलं नाही. माझा बारावीचा निकाल, माझी नोकरी, माझ्या हातची खीर, सगळ्यावर तिचं उत्तर एकच: "पाहू."

सईदाबी तिची जिवाभावाची मैत्रीण. फॅक्टरीत सईदाबी ड्रिल मशीनवर छिद्रं पाडायची आणि मावशी ती नापास करायची. पहिली दोन वर्षं दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. नंतरची अठ्ठावीस वर्षं एका डब्यात जेवल्या. सईदाबी राहायची गोहलपूरला. मी भेटले की तिची तक्रार ठरलेली. "तेरी मौसी ने मेरे इतने पीस रिजेक्ट किए कि गिनती नहीं। और सालन रोज़ मेरा ही खाती थी। सालन कभी रिजेक्ट नहीं किया।"

मग मावशीच्या हातात स्मार्टफोन आला, आणि विहाराच्या ग्रुपमध्ये तिला घेतलं गेलं. सकाळी फुलं, दुपारी औषधं, संध्याकाळी देशाची चिंता, असा तो ग्रुप शांतपणे चालला होता. तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं, की कोमट पाण्यात अमुक पाला उकळून प्या, गुडघेदुखी मुळापासून जाते. खाली एकोणीस जणांनी हात जोडले होते. मावशीने लिहिलं, "कोण पिलं? त्याले मी भेटू शकते का?"

तिची तपासणी फॅक्टरीतलीच होती. बातमी आली की आधी गो टोक: कोणी पाहिलं, कुठं, कधी? याची उत्तरं मिळाली की बातमी आत गेली. पण तेवढ्यावर ती सोडत नसे. मग नो-गो. "हे वाचून मले भल्लं गोड वाटलं का? नाहीतर भल्ला राग आला का? लगेच दुसऱ्याले पाठवावं वाटलं का? म्हणजे अडलं नाही. सैल आहे. रिजेक्ट."

ग्रुपचे अ‍ॅडमिन काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी एकदा मोठ्या अभिमानाने टाकलं की परदेशातल्या एका विद्यापीठाने आपल्या समाजाला जगातला सर्वांत बुद्धिमान समाज ठरवलं आहे. जयभीमचा पाऊस पडला. मावशीने विचारलं, "कोणत्या विद्यापीठानं? कसं मोजलं?" काका विहारात तिला प्रत्यक्ष भेटले तेव्हा अगदी रडकुंडीला आले होते. "ताई, आपल्याच लोकांची तारीफ आहे हो. यात काय चेक करून राहिल्या तुम्ही?"

"आपल्या लोकायची खरी तारीफ काय कमी आहे, भाऊ?" मावशी म्हणाली. "खरी पुरते ना आपल्याले. तिच्यात खोटी मिसळली तर खरीबी रिजेक्ट होते."

काकांनी तिला ग्रुपातून काढलं. चार दिवसांनी परत घेतलं, कारण त्यांची बायको कोणताही मेसेज पुढे पाठवण्याआधी मावशीला गुपचूप फोन करून विचारायची, आणि काकांना ते कळलं. मला त्या ग्रुपची अजूनही आठवण येते. तिथे खोटं यायचंच, पण ते पाठवणाऱ्याचं घर माहीत असायचं. पाला उकळून पोट बिघडलं तर विहारात जाऊन त्याच्याशी भांडता यायचं.

आता माझ्याकडे येते, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मी नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या सरांना हुक्की आली की क्लासचं रीलचं खातं पाहिजे, आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मोजमापातली चूक किती चालते, हा धडा होता. मी मावशीला ओट्यावर बसवलं, हातात मेदूवडा दिला आणि फोन चालू केला. तिने करंगळी घातली, अंगठा घातला, कॅमेऱ्याकडे बघून मूठ आपटली: "पास!" धडा कोणाच्याही लक्षात राहिला नाही. मौसी राहिली.

दोन महिन्यांत ती जबलपूरभर झाली. कुकरची रिंग, झाडूची मूठ, पाणीपुरीचं छिद्र, ऑटोच्या सीटचा स्क्रू, सगळं पास नाहीतर रिजेक्ट. बाजारात पोरी तिच्यासोबत फोटो काढायच्या. ती वरवर वैतागायची, पण शूटिंगच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायची आणि मला विचारायची, "पावडर जास्त तं नाही झाली?" मी 'नाही' म्हणून मान हलवायचे. जास्तच असायची.

रील चालायला लागलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. 'पास' बघायला हजार माणसं येत, 'रिजेक्ट' बघायला दहा हजार. मी तिला म्हटलं, जरा जास्त रिजेक्ट कर. गल्लीच्या तोंडाशी खोव्याच्या जलेबीचं दुकान आहे, तिथली जलेबी तिच्या हातात दिली. तिने खाल्ली आणि म्हणाली, "चांगली आहे. रिजेक्ट काहून म्हणू?"

"मावशी, रिजेक्टले लोक जास्त पाहतात."

तिने पाकाची बोटं चाटली. "तुले भांडण पाहिजे का जलेबी?"

मी त्या वेळी हसून विषय बदलला, आणि घरी येऊन जे केलं ते लिहितानाही लाज वाटते. कुकरच्या रिंगचं "रिजेक्ट!" कापलं आणि जलेबीला जोडलं. इतकं सुबक जोडलं की मलाच माझं कौतुक वाटलं. चार दिवसांनी मावशी जलेबी आणायला गेली तेव्हा जलेबीवाल्या भैयाने तिच्याकडे पाठ केली. तिला कारण समजेना. दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने तिला रील दाखवलं.

ती तशीच ऑटो करून नेपियर टाउनला आली आणि भर वर्गात शिरली. मुलांना वाटलं, नवीन रील आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने मला मनगटाला धरून जलेबीवाल्यासमोर नेऊन उभं केलं, माझ्याकडून माफी मागवली आणि त्याच्यासमोर पाव किलो जलेबी मला एकटीला खायला लावली. त्यानंतर आजतागायत मला खोवा चालत नाही. परतताना ती रागावलेली नव्हती, ते मला जास्त लागलं. "गेजबी झिजते, बाई," म्हणाली. "रोज घालून घालून नो-गोचं टोक बारीक होते. मग ते कुठंच अडत नाही. तुझं तसं झालं."

मग तिने माझा फोन मागितला आणि रीलं वर सरकवत बसली. एक, दुसरं, तिसरं. बराच वेळ झाला. "कुठं अडतच नाही हे," शेवटी म्हणाली. "पेपर संपते. बातम्या संपतात. याले नो-गोचं टोकच दिलं नाही कोणी." फोन मला परत देताना तिने तो पदराला पुसला.

आम्ही खातं थांबवलं, पण जुनी रीलं तिथेच ठेवली. माझा जीव त्यांत अडकला होता. तिचा साठ-सत्तर वेळा वेगवेगळ्या बाजूंनी काढलेला चेहरा, तिचा आवाज, तिची मूठ, सगळं तिथे उघड्यावर पडून राहिलं.

तीन महिन्यांनी सईदाबीच्या सुनेचा फोन आला. मावशीने स्पीकर लावला होता, मी तिच्या बाजूला वाटाणे सोलत होते. सून आधी रडली, मग चिडली. "मौसी, आपने अम्मी की गोली क्यों छुड़वा दी?"

सईदाबीला जुनी शुगर होती. महिनाभर तिने डॉक्टरची गोळी बंद करून कसलंसं चूर्ण घेतलं होतं. पायाला खिळा लागला, जखम चिघळली, घरातच ती चक्कर येऊन पडली. आता दवाखान्यात होती आणि डॉक्टर पायाबद्दल काही बोलायला तयार नव्हते. मावशी म्हणाली, "मैंने? मैंने कब?" सुनेने एक रील पाठवलं.

रीलमध्ये मावशी होती. तिचीच ठेवणीतली साडी, तिचाच ओटा, तिचाच आवाज. हातात एक डबी. "मैं प्रमाणित करती हूँ कि यह चूर्ण पूर्णतः शुद्ध है। शुगर की अंग्रेज़ी गोली आज ही छोड़िए।" मग मूठ तळव्यावर: "पास!" मावशीने जन्मात 'पूर्णतः' हा शब्द उच्चारला नव्हता. पण तो तिच्या तोंडून आला होता, ओठ बरोबर हलत होते, डाव्या गालावरचा तीळसुद्धा होता.

तिने ते रील नऊ वेळा पाहिलं. नंतर तिने जे विचारलं ते मी कधीच विसरणार नाही. "हेबी तूच जोडलं का?"

मी नाही म्हटलं. तिने फक्त "पाहू" म्हटलं आणि पुन्हा रील लावलं. जलेबीनंतर माझ्या 'नाही'ची किंमत तेवढीच उरली होती. मी वाटाण्याचं ताट बाजूला सारून रडले. दहाव्या वेळेस ती एकदम म्हणाली, "थांबव. हे पाह्य. उजव्या हातानं ठोकून राहिली ही. मी डावखुरी." जरा थांबून म्हणाली, "तुले माहीत आहे मी डावखुरी. तू केलं असतं तर डाव्या हातानं केलं असतं." अशा रीतीने मी सुटले. पुराव्याअभावी नाही, माझ्या कामाच्या दर्जावर.

दवाखान्यात सईदाबी शुद्धीवर होती. मावशी तिच्या उशाशी बसली आणि तिलाच रागावली. "तू इतनी पुरानी कारीगर, तुझे अक्ल नहीं? किसी का भी मान लेती है?"

"किसी का भी कहाँ माना," सईदाबी म्हणाली. "डॉक्टर ने समझाया, नहीं माना। बहू ने हाथ जोड़े, नहीं माना। पर तेरा ठप्पा था। तीस साल तेरे ठप्पे के लिए मैंने पसीना बहाया है। तेरा ठप्पा झूठा निकलेगा, ये मैं कैसे मानती?"

मावशीने तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरून उतरली.

पाय वाचला, पण करंगळी गेली. सईदाबीने नंतर स्वतःच निकाल दिला: "चप्पल अब ढीली है। रिजेक्ट।" दोघी त्यावर इतक्या हसल्या की नर्सने मला बोलावून त्यांना गप्प करायला सांगितलं. मी कशाला गप्प करते!

आम्ही तक्रार केली. रीलच्या खालचं बटण दाबलं, तर उत्तर आलं की यात नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. पोलिसांकडे गेलो. तिथला तरुण अधिकारी भला होता, त्याने अर्ज घेतला, चहा दिला आणि शेवटी भीतभीत विचारलं, "मौसी जी, आप ही हैं ना?" मावशीने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "ये लड़का ठीक है। पूछता तो है।" पण अर्जापेक्षा रीलचे पाय लांब. एक हटलं की दुसरं यायचं. एकात ती केसांचं तेल पास करत होती, दुसऱ्यात गुडघ्याचा पट्टा. केसांच्या तेलाच्या रीलमध्ये तिचे केस कमरेपर्यंत होते. ते तिने दोनदा पाहिलं.

त्या सगळ्यात तिला ग्राइंडर आठवला. एका सकाळी मला म्हणाली, "आपून उलटं करून राहिलो. चोराच्या हातातला ठप्पा आपल्याले सापडत नाही ना? मग खरा ठप्पा आपण घासून टाकू. मग जो दिसेल तो खोटाच."

"म्हणजे काय करायचं?"

"फोन काढ. शेवटचं."

तिने पावडर लावली नाही. रोजची साडी, तोच ओटा. ती हिंदीत बोलली, तिच्या मोडक्या हिंदीत, आणि मी एक अक्षरही कापलं नाही. "मैं गेज मौसी। आज से मैं किसी चीज़ को पास नहीं बोलूँगी। न कैमरे पे, न घर में, न शादी में। जब तक जिऊँगी, नहीं बोलूँगी। आपको मौसी पास बोलते दिखे, तो समझो वो मैं नहीं है। चलो, जय भीम।" मग बाकीची सगळी रीलं मी तिच्यासमोर एकेक करून पुसली. ती मोजत होती.

पण नुसतं बोलून मोकळं होणाऱ्यांतली ती नव्हती. सईदाबीच्या गल्लीत आणखी सात बायका ते चूर्ण घेत होत्या. मावशी मला घेऊन गोहलपूरला प्रत्येकीच्या घरी गेली. आधी माफी मागायची, "मैं वो नहीं थी, पर चेहरा मेरा था।" मग त्यांची बंद केलेली गोळी शोधून काढायला लावायची, डॉक्टरकडे पाठवायची, आणि डॉक्टरने परत चालू केली की पुन्हा जाऊन समोर बसून घ्यायला लावायची. गोळी घेतली की तोंड उघडून दाखवायचं, जीभ वर करून. एका आजीने गोळी गालात लपवली होती, ती सापडली. पंधरा दिवस आम्ही ऑटोने गढा-गोहलपूर करत होतो, आणि त्या फेऱ्यांत मी क्लासमधल्यापेक्षा जास्त शिकले.

शब्द तिने पाळला. कसा पाळला, ते आम्हीच जाणतो. लग्नात लोक मुद्दाम तिच्यापुढे मेदूवडा धरायचे, फोन तयार ठेवून. ती करंगळी घालायची, अंगठा घालायची, मूठ वर उचलायची, आणि मग मूठ तशीच मांडीवर ठेवून द्यायची. अ‍ॅडमिन काकांच्या नातीने स्वतः केलेली खीर आणून विचारलं, "आजी, कशी झाली?" मावशी म्हणाली, "वाटी पाह्य ना, चाटून ठेवली आहे." बसच्या ज्येष्ठ नागरिक पासलासुद्धा ती 'ते कार्ड' म्हणायला लागली. आम्ही हसायचो. पण मला दिसायचं, तो शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा आणि ती तो गिळायची. तीस वर्षांची हौस होती ती.

मावशीला जाऊन आता वर्ष होईल. परवा ती पुन्हा फोनवर दिसली. सांधेदुखीचं तेल विकत होती, मजेत होती, उजव्या हाताने ठोकत होती. मी चिडून खाली काही लिहिणार, तर तिथे आधीच रांग लागलेली. "मौसी पास नहीं बोलती।" "मौसी पास नहीं बोलती, भाई।" "गढ़ा वाले हैं, हमें मत सिखाओ, मौसी पास नहीं बोलती।" एकाखाली एक, ओळखीची, अनोळखी माणसं. सर्वांत वर सईदाबीच्या सुनेचं नाव होतं.

तिच्या शेवटच्या आठवड्याचं सांगायचं राहिलं. पोटाचा आजार होता, दवाखान्यात ठेवलं होतं, आई सोबतीला होती. माझ्या क्लासच्या परीक्षा चालू होत्या. मी रोज संध्याकाळी जायचे. एका दुपारी, पेपर वाटून मी नुकती बसले होते, तेव्हा तिचा मेसेज आला. "डॉक्टर म्हणाले, मी एकदम बरी आहे. परवा घरी. तू पेपर पाह्य. येऊ नको."

मी तो वाचला आणि मला इतकं बरं वाटलं की बाजूच्या मॅडमला दाखवायला फोन उचलला. उचलला, आणि थांबले. कोणता डॉक्टर? कधी म्हणाला? आणि मला एवढं गोड का लागतंय? मी वर्ग मॅडमच्या हवाली केला आणि खाली येऊन ऑटो पकडला.

खोलीत आई खिडकीकडे तोंड करून उभी होती. डॉक्टर खरंच येऊन गेले होते, पण असं काही म्हणाले नव्हते. मावशी उशीला टेकून बसली होती, फार लहान दिसत होती. मला पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या. "काहून आली? मेसेज नाही भेटला?"

"भेटला."

"मग?"

"भल्ला गोड होता, मावशी. कुठं अडलाच नाही."

ती हसली. आधी डोळ्यांनी, मग खोकला येईपर्यंत. मग तिने माझा उजवा हात ओढून घेतला, तळवा उघडून आपल्या मांडीवर ठेवला, डाव्या हाताची मूठ वळली आणि त्यावर एकदा ठोकली. तोंडाने काही बोलली नाही.